तांबड्या गोळ्या

डिसेंबर १९३५. जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात नाताळची लगबग चालू होती. सहा वर्षांची हिल्डेगार्ड हातात सुई घेऊन जिना उतरत होती. नेढ्यात दोरा ओवून हवा होता, म्हणून आईकडे निघाली होती. पाय घसरला आणि पडता पडता सुई तिच्या हातात घुसली, ती आत हाडाला अडून मोडलीच. इस्पितळात नेऊन सुईचा तुकडा काढला, पट्टी बांधली. घरोघरी अशा गोष्टी होतात आणि चार दिवसांत विसरल्याही जातात.

ही विसरता आली नाही. हात सुजला, ताप चढला, जखमेत पू धरला. डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला, तो पुन्हा भरला. पुन्हा चीर, पुन्हा पू. चिमुकल्या हातावर अशा चौदा चिरा झाल्या, तरी सूज वर सरकतच राहिली. शेवटी हात तोडण्याची भाषा सुरू झाली, आणि तो तोडूनही मूल वाचेल याची हमी कोणी देईना. जखमेत स्ट्रेप्टोकॉकस सापडला होता.

मुलीच्या बापाला या जंतूची ओळख करून देण्याची गरज नव्हती. गेरहार्ड डोमाक त्याच शहरात, आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीच्या बायर प्रयोगशाळेत काम करत होता आणि गेली काही वर्षं याच जंतूने उंदीर मारत होता. शिवाय त्याच्या हाताशी एक तांबडं औषध होतं.

स्ट्रेप्टोकॉकस हे नाव व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्याने १८७४ मध्ये दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पीळदार साखळीसारखे दाणे. १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत बाळंतज्वरावर चर्चा रंगली असताना लुई पाश्चरने फळ्यापाशी जाऊन हीच साखळी काढून दाखवली होती. एरवी हा जंतू कितीतरी लोकांच्या घशात आणि त्वचेवर निमूट राहतो. पण खरचटलेल्या गुडघ्यातून, भाजलेल्या जागेतून, कांजिण्यांच्या फोडातून आत शिरला, की त्याची चाल बदलते. आधी जखमेपासून वर जाणारी तांबडी रेघ दिसते. मग काखेत किंवा जांघेत अवधाण येतं. त्यानंतर हुडहुडी भरून ताप येतो, आणि तेव्हा समजायचं की साखळी रक्तात उतरली. एकदा ती रक्तात उतरली की सांधा, फुप्फुस, मेंदूचं आवरण, काहीच तिच्या वाटेबाहेर राहत नाही.

त्या काळच्या मुलांच्या वॉर्डात याची मुक्कामाची ठिकाणं ठरलेली होती. स्कार्लेट तापाच्या खाटा, धावऱ्याने अंग लाल झालेली तान्ही बाळं, कान फुटून मागचं हाड पोखरलेली पोरं. रुग्णाचं रक्त काढून परीक्षानळीत ठेवायचं आणि त्यातून जंतू वाढतो का पाहायचं, ही सोय आली होती. रक्त मिसळलेल्या अगारच्या बशीत टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवत आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक स्वच्छ, पारदर्शक कडं दिसे. तेवढ्या जागेतल्या तांबड्या पेशी जंतूने फोडलेल्या असत. ती बशी पाहून डॉक्टरला रोगाचं नाव कळे. पुढे करायचं काय, हे मात्र कळत नसे. चीर द्या, शेका, घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम टोचून पाहा, आणि वाट बघा.

पैसा आणि पदाचाही इथे उपयोग नव्हता. १९२४ च्या जूनअखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता व्हाइट हाउसच्या मैदानावर टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. आठवडाभरात, ७ जुलैला, तो वॉल्टर रीड इस्पितळात वारला. त्याच्या रक्तात सापडला तो स्ट्रेप्टोकॉकसचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस होता, साखळीऐवजी द्राक्षाच्या घोसासारखा दिसणारा. वाट मात्र तीच: फोड, रक्त, मरण. देशातले सगळे नामांकित डॉक्टर उशाशी उभे होते.

डोमाकने हे मरण फार जवळून पाहिलं होतं. कील विद्यापीठात वैद्यकी शिकता शिकता तो १९१४ मध्ये लढाईवर गेला, त्याच डिसेंबरात जखमी झाला, आणि मग पूर्व आघाडीवरच्या इस्पितळांत परिचारक म्हणून राबला. गोळी लागून आलेला शिपाई शस्त्रक्रियेतून उठतो आणि पुढे जखम चिघळून जातो, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. १९२७ मध्ये बायरने त्याला संशोधनासाठी प्रयोगशाळा दिली, तेव्हा त्याने काम निवडलं ते रक्तातल्या जंतूंना मारणारं औषध शोधण्याचं. बहुतेक जाणत्यांच्या मते हे अशक्यच होतं. जंतूला मारील ते विष माणसालाही मारील, असा साधा हिशेब होता.

बायर मुळात रंगाची कंपनी. वुपर नदीकाठी कापड रंगवण्याचा धंदा जुना, आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने नदीचं पाणीही रंगीबेरंगी होई. रंग आणि औषध यांचा संबंध पाउल एर्लिखने आधीच जोडून ठेवला होता: काही रंग जंतूला घट्ट चिकटतात, शेजारच्या पेशीला नाही. तर मग रंगाच्या पाठीवर विष बसवून पाठवलं तर? योजनेचा कारभारी हाइनरिक होरलाइन होता. फ्रिट्झ मीच आणि योझेफ क्लारेर हे दोन रसायनतज्ज्ञ एकामागून एक संयुगं करायचे आणि डोमाक ती उंदरांवर लावून पाहायचा.

त्याच्या पद्धतीत एक गोष्ट वेगळी होती, आणि ती पुढे सगळ्यात मोलाची ठरली. तो परीक्षानळीवर विसंबला नाही. सेप्सिसने मेलेल्या एका रोग्यापासून मिळवलेला जहाल स्ट्रेप्टोकॉकस तो उंदरांना टोचायचा, म्हणजे औषध न मिळालेला एकही उंदीर जगणार नाही. मग फरक दिसला तर तो नशिबाचा नसणार. हजारो उंदीर मेले. वर्षं गेली. १९३२ च्या शेवटी क्लारेरचं केएल ७३० हे विटकरी तांबडं संयुग टेबलावर आलं. २० डिसेंबरचा प्रयोग: सव्वीस उंदरांना जंतू टोचले, त्यातल्या बारांना औषध दिलं. चौथ्या दिवसापर्यंत औषधाविना राहिलेले चौदाही मेले होते. बाराचे बारा पिंजऱ्यात हिंडत होते.

नाताळच्याच दिवशी पेटंटचा अर्ज दाखल झाला. डोमाकचा लेख मात्र छापून आला १५ फेब्रुवारी १९३५ ला. मधली दोन वर्षं कंपनीने काय केलं, यावर आजही बोट ठेवलं जातं, आणि ते ठेवायलाच हवं. औषध काही ओळखीच्या डॉक्टरांकडे चाचणीसाठी गेलं होतं. मे १९३३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांच्या एका सभेत दहा महिन्यांच्या बाळाची हकीकत सांगितली गेली. त्याच्या रक्तात स्टॅफिलोकॉकस पसरला होता, आशा सोडलेली होती, आणि या तांबड्या औषधाने ते बरं झालं. सभेबाहेर याचा गाजावाजा झाला नाही. त्या दोन वर्षांत इतर देशांतल्या वॉर्डांत मुलं पूर्वीसारखीच मरत राहिली.

त्यामुळे 'बापाने आपल्या मुलीवर पहिला प्रयोग केला' ही पुस्तकांतून फिरणारी कथा खरी नाही. हिल्डेगार्ड पडली तोवर औषधाला प्रोन्टोसिल हे बाजारातलं नाव मिळालं होतं, लेख छापला होता, कित्येक रोगी बरे झाले होते. पण म्हणून बापाचा निर्णय सोपा होता असंही नाही. आपल्या औषधाचे गुण त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते, आणि त्याला काय ठाऊक नाही हेही. डॉक्टर हाताकडे पाहत होते. त्याने तांबड्या गोळ्या आणल्या आणि मुलीला मोठ्या मात्रेत सुरू केल्या. ताप उतरला. हात राहिला.

इकडे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत वेगळाच घोळ सुटत होता. प्रोन्टोसिल उंदरात गुण दाखवी, पण परीक्षानळीत जंतूंवर ओतलं तर ते ढिम्म. एर्नेस्त फुर्नोच्या प्रयोगशाळेतले झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे दांपत्य, दानिएल बोव्हे आणि फेदेरिको नित्ती, हे चौघं वेगवेगळे तांबडे रंग उंदरांवर लावून पाहत होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनी या रंगांतला समान तुकडा, पांढरी बिनरंगी पूड, एका गटाला दिली. ते उंदीरही जगले. म्हणजे रंगाचा काही संबंधच नव्हता. शरीरात प्रोन्टोसिल फुटतं, तांबडा भाग टाकाऊ निघतो, काम करतो तो सल्फानिलामाइड. जर्मनांनी वर्षानुवर्षं ज्या रंगाची पूजा केली, तो नुसता अंगरखा होता.

आणि हे सल्फानिलामाइड पाउल गेल्मो नावाच्या व्हिएन्नाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी १९०८ मध्येच तयार केलं होतं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं होतं. सत्तावीस वर्षं ते कपाटात पडून होतं, आणि मधे एक महायुद्ध होऊन गेलं.

ते करतं काय, हा उलगडा १९४० मध्ये लंडनच्या डॉनल्ड वुड्सने केला. वाढायला जंतूला फोलिक आम्ल लागतं आणि ते त्याला स्वतःच घडवावं लागतं. त्यासाठी लागणाऱ्या एका कच्च्या मालासारखंच सल्फानिलामाइड, थोडक्यात सल्फा, दिसतं. जंतू ते खोटं नाणं खरं समजून घेतो आणि त्याचा कारखाना बंद पडतो. माणसाला फोलिक आम्ल पालेभाजीतून आयतं मिळतं, म्हणून त्याचं काही अडत नाही. इथे परळची आठवण काढायला हवी. १९२८ नंतरच्या काही वर्षांत ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा शोध घेत होती. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने दाखवलं. त्या अर्कातला जो गुणकारी पदार्थ पुढे ओळखला गेला तो हाच, फोलिक आम्ल. मुंबईच्या गिरणीकामगारणीला जे कमी पडत होतं, नेमकं तेच तोडून सल्फा जंतूला मारत होतं.

लंडनमध्ये क्वीन शार्लट प्रसूतिगृहात लेनर्ड कोलब्रुक बाळंतज्वराशी झुंजत होता. स्वभावाने संशयी. जर्मनांचे दावे त्याने सहज मानले नाहीत, स्वतः उंदीर घेऊन बसला. १९३६ मध्ये त्याने आणि मेव्ह केनीने मांडलेला हिशेब असा: चौसष्ट बाळंतिणी, तीन मृत्यू. त्याआधी अशा दर चार-पाच जणींमागे एक जात असे. आई वाचली म्हणजे पाळण्यातलं मूलही पोरकं व्हायचं वाचलं, हा हिशेब कोणत्याही तक्त्यात येत नाही. हाच कोलब्रुक पुढे भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात गेला. भाजलेल्या कातडीतून हाच स्ट्रेप्टोकॉकस रक्तात जातो, हे त्याने दाखवलं, आणि मग घरातल्या शेगडीपुढे जाळी असलीच पाहिजे म्हणून वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागला. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला.

१९३६ च्या उन्हाळ्यात लंडनला सूक्ष्मजीवशास्त्राची परिषद भरली होती. बाल्टिमोरचे पेरिन लाँग आणि एलिनर ब्लिस तिथून ही बातमी घेऊन जॉन्स हॉपकिन्सला परतले आणि महिन्या-दोन महिन्यांत वॉर्डात औषध सुरू झालं. तान्ह्या बाळांचा धावरा, रक्तात गेलेला घशाचा जंतू, कानातून मेंदूच्या आवरणात उतरलेला पू. यातला शेवटचा म्हणजे तर हमखास मरण. ती मुलं आता उठून बसू लागली. अमेरिकेला खरी जाग आली ती डिसेंबरात. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मुलगा, फ्रँकलिन धाकटा, बॉस्टनच्या इस्पितळात घशाच्या स्ट्रेप्टोकॉकसने गंभीर होता. जंतू रक्तात शिरण्याची भीती होती. त्याला हे नवं औषध दिलं आणि तो बरा झाला. वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर नेलं. बारा वर्षांपूर्वी त्याच व्हाइट हाउसमधून एका मुलाची शवपेटी निघाली होती.

आता घसा धरला की लोक दुकानात सल्फा मागू लागले. पेटंट नाही, म्हणून जो तो बनवणारा. गोळ्या आल्या, पुड्या आल्या. फक्त लहान मुलांना कडू गोळी गिळवत नव्हती.

टेनेसीतल्या मॅसेन्गिल कंपनीने यावर उपाय काढला. तिच्या रसायनतज्ज्ञाने सल्फानिलामाइड विरघळवायला डायएथिलिन ग्लायकॉल वापरलं. ते गोडसर, दाट, स्वस्त. त्यात रास्पबेरीचा वास आणि गुलाबी रंग मिसळला. १९३७ च्या सप्टेंबरात दोनशे चाळीस गॅलन 'एलिक्झिर' बाजारात गेलं. वास, चव, रंग तपासले होते. विषारी आहे का, हे तपासलं नव्हतं, आणि तपासा असं सांगणारा कायदाही नव्हता.

ऑक्टोबरात ओक्लाहोमातल्या टल्सा शहराच्या डॉक्टरांना विचित्र गोष्ट दिसू लागली. घशाच्या दुखण्यासाठी आणलेली मुलं, घसा सुधारतोय, आणि लघवी बंद. पोट फुगतं, वेदनांनी मूल तळमळतं, मूत्रपिंडं निकामी होऊन आठवड्याभरात जातं. सगळ्यांच्या घरात तीच बाटली. औषधावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे तेव्हा सुमारे दोनशे चाळीस निरीक्षक होते. ते जवळजवळ सगळेच बाटल्या गोळा करायला देशभर निघाले. औषधं विकणारे फिरते प्रतिनिधी, दुकानांच्या वह्या, चिठ्ठ्यांवरची अर्धवट नावं यांच्या मागावर डोंगराळ खेड्यांतून फिरले. बहुतेक माल परत मिळाला. जो मिळाला नाही, त्याने एकशे पाच माणसं मारली, त्यात चौतीस मुलं. आणि एवढं करून कंपनीवर खटला कसला, तर चुकीच्या नावाचा! 'एलिक्झिर' म्हटलं की त्यात अल्कोहोल हवं, यात नव्हतं. ते असतं तर बाटल्या जप्त करायलाही कायद्याचा आधार मिळाला नसता.

टल्साच्या एका आईने आपल्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल थेट अध्यक्षांना पत्र लिहिलं. मुलीच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन करून तिने मागणी केली की अशी औषधं विकायला बंदी करा. पत्र गेलं ते रूझवेल्टना, ज्यांचा स्वतःचा मुलगा त्याच सल्फाने वाचून अजून वर्षही झालं नव्हतं. मूल तिचंही, घसा तिचाही, जंतूही बहुधा तोच. फरक होता तो फक्त औषध कशात कालवलं याचा. औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्यायला लावणाऱ्या कायद्यावर २५ जून १९३८ ला रूझवेल्टनी सही केली.

डायएथिलिन ग्लायकॉलने मात्र तिथेच निरोप घेतला नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल म्हणून दिलेल्या औषधात ते निघालं आणि चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी करून खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उघडी पाडली. २०२५ च्या पावसाळ्याअखेरीस छिंदवाडा जिल्ह्यातली मुलं लघवी बंद झालेल्या अवस्थेत नागपूरच्या इस्पितळांत येऊ लागली. खोकल्याच्या गोड औषधात तेच रसायन होतं. वीसहून अधिक मुलं गेली. टल्साच्या डॉक्टरांनी त्यांच्या केसपेपरवरची लक्षणं पहिल्या ओळीतच ओळखली असती.

स्ट्रेप्टोकॉकसही स्वस्थ बसला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छावण्यांत हजारो सैनिकांना रोगाआधीच सल्फा खाऊ घातलं, तेव्हा काही जंतू त्याला दाद देईनासे झाले. तोवर पेनिसिलिन आलं होतं. ते इतकं दुर्मिळ की ते तयार करणाऱ्या ऑक्सफर्डच्या मंडळींनी पहिला प्रौढ रोगी औषध संपल्याने गमावल्यावर पुढचे रोगी बहुतेक मुलंच घेतली, कारण मुलाला मात्रा कमी लागते. मार्च १९४२ मध्ये अमेरिकेत पेनिसिलिनने वाचलेली पहिली रोगीही रक्तातल्या स्ट्रेप्टोकॉकसचीच होती. सल्फा तिला लागू पडलं नव्हतं. तिच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून पुन्हा वापरलं गेलं. घशाचा तो स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनपुढे आजही मान टाकतो, हे मात्र जंतूंच्या दुनियेतलं नवलच.

ऑक्टोबर १९३९ मध्ये डोमाकला नोबेल जाहीर झालं. आधी एका शांतता पुरस्कारावरून चिडलेल्या हिटलरने जर्मनांना नोबेल घ्यायला मनाई केली होती. डोमाकने आभाराचं पत्र धाडलं आणि गेस्टापोने त्याला उचललं. आठवडाभर कोठडीत ठेवून सोडलं, मग नकाराच्या तयार पत्रावर सही घेतली. डिसेंबर १९४७ मध्ये तो स्टॉकहोमला गेला. पदक आणि मानपत्र मिळालं, रक्कम मात्र नियमाप्रमाणे केव्हाच परत गेली होती. त्याने व्याख्यान दिलं तेव्हा प्रोन्टोसिल मागे पडलं होतं, आणि तो क्षयाच्या औषधात गुंतला होता. हिल्डेगार्ड तेव्हा अठराच्या घरात होती, दोन्ही हात शाबूत.